वॉलकॉटसाहेबांचे दगडी दप्तर

मेलेले सुंगट किती वेळ टिकते हे गोवेकराला शिकवायला नको. बाजारातून आणलेली मासळी बर्फावाचून दुपारपर्यंत राहिली तर घरभर काय होते ते आपण सगळे जाणतो. कवच आणि काटे तेवढे उरतात. डोळे, आतडी, कल्ले, पायांवरचे बारीक केस असे जे जे मऊ असते ते नाहीसे होते. समुद्राच्या तळाशीही हाच न्याय चालतो. म्हणून जीवाश्म म्हटले की शंख, शिंपले, हाडे आणि दात हेच बहुधा सापडतात. ज्यांच्या अंगाला कठीण असे काहीच नव्हते ते जीव मेले, कुजले आणि त्यांचा मागमूसही उरला नाही.

पण जगात काही मोजक्या जागा अशा आहेत, जिथे हा न्याय चालला नाही. त्यांतली सर्वात प्रसिद्ध जागा कॅनडात आहे. तिचे नाव बर्जेस शेल. शेल म्हणजे बारीक चिखलाचे थर दाबले जाऊन तयार झालेला, पापुद्र्यांनी सुटणारा खडक. आपण लहानपणी जिच्यावर मुळाक्षरे गिरवली त्या दगडी पाटीचा हा जवळचा नातलग. या खडकात सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या समुद्रातले प्राणी डोळे, आतडी आणि कल्ल्यांसकट उमटलेले आहेत.

मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने सरकारी कारकून. भूगर्भशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. तरीही या दगडांची हकिकत मला फार जवळची वाटते. कारण ती जितकी शास्त्राची आहे तितकीच ती दप्तराची आहे. नोंदी कोणी केल्या, कोणत्या शीर्षाखाली केल्या, त्या कपाटात किती वर्षे पडून राहिल्या आणि मग कोणी उघडल्या, याची ही गोष्ट आहे.

आधी जागेविषयी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रॉकी पर्वताच्या रांगांत योहो राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे फील्ड नावाचे छोटेसे गाव आहे. कॅनडा आरपार जोडणारा लोहमार्ग १८८५ साली पुरा झाला आणि त्यामुळेच हा दुर्गम भाग लोकांच्या पायाखाली आला. दुसऱ्याच वर्षी जवळच्या माउंट स्टीफनवर ट्रायलोबाइट नावाच्या प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म गोळा होऊ लागले. शेजारच्या एका शिखराला माउंट बर्जेस हे नाव मिळाले. हा बर्जेस कोण? कोणी गिर्यारोहक नव्हे की शास्त्रज्ञ नव्हे. अलेक्झांडर बर्जेस हा कॅनडा सरकारच्या गृह खात्याचा वरिष्ठ सनदी अधिकारी, आपल्याकडच्या खात्याच्या सचिवासारखा. त्याचे नाव डोंगराला, डोंगराचे नाव खिंडीला आणि खिंडीचे नाव खडकाला, असा हा प्रवास आहे. १९५४ सालच्या मालिकेतल्या दहा डॉलरच्या नोटेवर या माउंट बर्जेसचे चित्र होते. फायलींवर सह्या करणाऱ्या माणसाच्या नावे जगातले सर्वात नामांकित जीवाश्म ओळखले जातात, ही गोष्ट आम्हा लेखणीवाल्यांना गुदगुल्या करणारीच म्हणायची!

आता मुख्य पात्र. चार्ल्स डूलिटल वॉलकॉट यांचा जन्म १८५० सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. अठराव्या वर्षी शाळा सुटली. महाविद्यालयाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत. एका शेतावर काम करता करता त्यांना ट्रायलोबाइट गोळा करण्याचा नाद लागला. हा संग्रह इतका चांगला जमला की हार्वर्डच्या लुई अगासी यांनी तो विकत घेतला. १८७९ साली अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते सुरू झाले तेव्हा वॉलकॉट वर्षाला ६०० डॉलर पगारावर, अगदी खालच्या पायरीवर त्यात रुजू झाले. पंधरा वर्षांनी, १८९४ साली, ते त्याच खात्याचे संचालक झाले. १९०७ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्यांना सचिव नेमले. तिथे सचिव म्हणजे संस्थेचा सर्वोच्च प्रमुख. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत, ते त्या खुर्चीवर होते.

या माणसाच्या डोक्यावर किती खात्यांचा बोजा असावा? स्मिथसोनियनचा कारभार तर होताच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते १९१७ ते १९२३ अध्यक्ष होते. विमानविद्येसाठी १९१५ साली जी राष्ट्रीय समिती स्थापन झाली (आजची नासा तिच्याच जागी उभी राहिली) तिच्यामागेही त्यांची खटपट होती. बैठका, अंदाजपत्रके, पत्रव्यवहार. उन्हाळा आला की मात्र ते कुटुंब आणि घोडे घेऊन रॉकी पर्वतात जात आणि हातात हातोडा घेत.

१९०९ च्या ऑगस्टअखेरीस अशाच एका फेरीत त्यांना बर्जेस शेल सापडला. याची एक रम्य दंतकथा आहे. त्यांच्या पत्नी हेलेना यांचा घोडा वाटेत घसरला, त्याच्या पायाने एक शिळा उलटली आणि तिच्यावर ते जीवाश्म दिसले. पण हिम पडू लागल्याने सगळ्यांना परतावे लागले आणि खडकाचा मूळ थर पुढच्या वर्षी शोधावा लागला. वॉलकॉट यांच्या निधनानंतर लिहिलेल्या मृत्युलेखात ही हकिकत आली आणि पुस्तकांतून फिरत राहिली. पुढे स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन अभ्यासकाने वॉलकॉट यांची रोजनिशी काढून पाहिली. तिच्यात घसरलेला घोडा नाही आणि अडवणारे हिमही नाही. ३१ ऑगस्टच्या पानावर तीन प्राण्यांची छोटी रेखाचित्रे आहेत आणि पुढचे काही दिवस हवा चांगली असून जीवाश्म गोळा करण्याचे काम चालू असल्याच्या नोंदी आहेत. दंतकथा गोड होती. पण त्या दिवशी त्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली नोंद शिल्लक होती, म्हणून खरे काय ते कळले.

१९१० पासून १९१३ पर्यंत आणि पुन्हा १९१७ साली वॉलकॉट यांनी डोंगराच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर, खाण खोदली. ज्या थरात सर्वात जास्त माल होता त्याची जाडी अवघी दोन मीटर. सुरुंग लावून शिळा काढायच्या, त्या पापुद्र्यांत फोडायच्या, चांगले नमुने घोड्यांवरून फील्डच्या स्टेशनवर आणायचे आणि तिथून रेल्वेने वॉशिंग्टनला पाठवायचे. कामाला मुलेही असत. सिडनी या मुलाला सापडलेल्या प्राण्याचे नाव त्यांनी 'सिडनेया' असे ठेवले. एकूण ६५ हजारांहून अधिक नमुने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जमा झाले.

हा मऊ देहांचा खजिना टिकला तरी कसा? समुद्रातल्या एका उंच कड्याच्या पायथ्याशी हे प्राणी राहत. वरून अधूनमधून अतिशय बारीक चिखलाचा लोट घसरून येई आणि त्यांना एका झटक्यात गाडून टाकी. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्याने कुजण्याची क्रिया मंदावली. देह दाबला जाऊन त्याचा कागदापेक्षाही पातळ कार्बनचा पापुद्रा उरला. आजही ती काळसर शिळा हातात घेऊन प्रकाशात तिरपी केली की चंदेरी चमक येते आणि प्राण्याची आकृती उमटते. पुढे भूकवचाच्या हालचालींनी समुद्राचा तो तळ डोंगराच्या माथ्याजवळ नेऊन ठेवला.

वॉलकॉट यांनी १९११ आणि १९१२ मध्ये या प्राण्यांवर भराभर लेख प्रसिद्ध केले. ते स्वतः त्यांना प्राथमिकच म्हणत. सविस्तर अभ्यास पुढे करायचा होता. पण प्रत्येक प्राणी त्यांनी तेव्हा माहीत असलेल्या कोणत्या ना कोणत्या वर्गात घालून टाकला. सरकारी लेख्यांत काम केलेल्यांना हे चटकन समजेल. बिल आले की ते कोणत्या तरी लेखाशीर्षाखाली खर्ची टाकावेच लागते. शीर्ष सापडत नाही म्हणून बिल हवेत ठेवता येत नाही. वॉलकॉट यांच्याकडे शीर्षे होती ती आजच्या प्राण्यांची: कवचधारी, कृमी, जेलीफिश, समुद्रकाकडी. सगळे नमुने त्यांतच बसवले गेले.

तो सविस्तर अभ्यास काही झाला नाही. १९११ च्या जुलैमध्ये पत्नी हेलेना रेल्वे अपघातात गेल्या. १९१३ साली थोरला मुलगा गेला. १९१७ च्या डिसेंबरात दुसरा मुलगा स्टुअर्ट फ्रान्समध्ये महायुद्धात विमानासह पडला. घरी हे आणि कचेरीत कामाचे डोंगर. सचिवपदातून मोकळे होऊन शेवटची वर्षे संशोधनाला द्यावीत असा त्यांचा मनसुबा होता. पण १९२७ च्या फेब्रुवारीत, खुर्चीवर असतानाच, ते निवर्तले. निवृत्तीनंतर करू म्हणून ठेवलेल्या कामांची यादी आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. वॉलकॉटसाहेबांची यादी ६५ हजार दगडांची होती.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे ते खण क्वचितच उघडले गेले. मग १९६६ आणि १९६७ मध्ये कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने जुन्या खाणीत पुन्हा काम काढले आणि जीवाश्म पाहायला केंब्रिजचे प्राध्यापक हॅरी व्हिटिंग्टन यांना बोलावले. व्हिटिंग्टन हे शांत, काटेकोर गृहस्थ. दंतवैद्याकडे असते तशा बारीक यंत्राने ते दगडाचा एकेक कण उडवीत आणि वरचा थर काढून खालचा अवयव पाहत. कारण त्यांच्या लक्षात आले होते की हे नुसते सपाट चित्र नाही. पापुद्र्याखाली पापुद्रा आहे.

१९७१ साली त्यांनी 'मरेला' या खाणीत हजारोंनी मिळालेल्या छोट्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो वॉलकॉट यांच्या ठरलेल्या चौकटीत बसेना. मग त्यांनी 'ओपाबिनिया' हाती घेतला. वॉलकॉट यांनी तो कोळंबीच्या गणगोतात टाकला होता. व्हिटिंग्टन यांना डोक्याखाली जोडीचे अवयव मिळतील अशी अपेक्षा होती. मिळाले काहीच नाही. उलट डोक्यावर पाच डोळे आणि पुढे लांब सोंड, सोंडेच्या टोकाला चिमटा! १९७२ साली ऑक्सफर्डच्या सभेत त्यांनी याचे चित्र दाखवले तेव्हा विद्वानांचा सगळा श्रोतृवर्ग हसला. १९७५ मध्ये त्यांनी ते चित्र छापले, आणि ते खरे ठरले.

त्यांचे दोन विद्यार्थी होते, डेरेक ब्रिग्ज आणि सायमन कॉनवे मॉरिस. त्यांपैकी कॉनवे मॉरिस १९७३ साली वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी वॉलकॉट यांच्या संग्रहाचे खण एकामागून एक उघडून सगळे नमुने नजरेखालून घातले. कोणी तरी सगळे दप्तर पहिल्या फायलीपासून शेवटच्यापर्यंत पाहणे किती दुर्मीळ असते, ते कचेरीत बसणाऱ्याला विचारा. त्या खणांतल्या एका 'कृमी'ला त्यांनी १९७७ साली नवे नाव दिले: 'हॅलुसिजेनिया'. काट्यांवर चालणारा, पाठीवर नळ्या असलेला, भ्रमात दिसावा तसा प्राणी.

सर्वात मजेशीर कथा 'अनोमॅलोकॅरिस'ची. या नावाचा अर्थच 'विचित्र सुंगट'. १८९२ साली व्हाइटीव्ह्ज यांनी हे नाव दिले ते माउंट स्टीफनवर मिळालेल्या, डोके नसलेल्या सुंगटासारख्या एका तुकड्याला. वॉलकॉट यांना अननसाच्या चकतीसारखा, मधे भोक असलेला एक जीवाश्म मिळाला होता. तो त्यांनी जेलीफिश म्हणून नोंदवला. आणखी एक चेपलेला देह समुद्रकाकडी म्हणून नोंदवला. १९८५ साली व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवून दिले की जेलीफिश म्हणजे तोंड, सुंगट म्हणजे तोंडापुढचा पकडीचा हात आणि 'समुद्रकाकडी' म्हणजे त्याच घराण्यातल्या एका मोठ्या शिकारी प्राण्याचा देह. तीन शीर्षांखाली विखुरलेले कागद एकाच प्रकरणाचे निघाले! (त्यात दोन जवळच्या जातींची सरमिसळ झाली होती, तीही पुढे निस्तरली गेली.)

१९८९ साली गूल्ड यांनी 'वंडरफुल लाइफ' हे पुस्तक लिहिले आणि बर्जेस शेल जगभर घरोघरी पोचला. त्यात त्यांनी वॉलकॉट यांना चांगलेच धारेवर धरले आहे. जुन्या समजुतींमुळे आणि प्रशासनाच्या व्यापामुळे वॉलकॉट यांनी नवे ते जुन्या साच्यात कोंबले, असा त्यांचा निवाडा. पुस्तक उत्तम आहे. निवाड्यात तथ्यही आहे. पण मला तो अपुरा वाटतो.

का ते सांगतो. गूल्ड यांच्या मते यांतले कितीतरी प्राणी आजच्या कोणत्याच घराण्याचे नव्हते. प्रत्येकाला स्वतंत्र शीर्ष हवे होते. पण १९९० नंतर हे मतही सरकले. चीनच्या युनान प्रांतात चेंगजियांग येथे १९८४ साली होउ शियानग्वांग यांना याहून जुने, सुमारे ५१ कोटी ८० लाख वर्षांचे, असेच मऊ देहांचे जीवाश्म मिळाले होते. त्यांच्या आधारे १९९१ मध्ये रामस्कोल्ड आणि होउ यांनी सांगितले की हॅलुसिजेनिया आपण उलटा धरला आहे. काटे पाठीवरचे आणि नळ्या म्हणजे पाय. पायांची दुसरी ओळ कुठे होती? वॉशिंग्टनच्याच दगडात. थोडे अधिक कोरल्यावर १९९२ साली ती दिसली. २०१५ साली स्मिथ आणि कॅरन यांनी डोळे व दात शोधले तेव्हा कळले की डोके समजत होतो ते शेपटाकडचे टोक होते. आज हा प्राणी मखमली अळ्यांच्या पूर्वजांचा नातलग मानतात. ओपाबिनिया आणि अनोमॅलोकॅरिस हे कीटक, खेकडे, कोळंब्या यांच्या विस्तृत घराण्याच्या मुळाजवळचे ठरले आहेत.

हे कसे समजावे? पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा लॅटिनमधून निघाल्या. त्या अजून वेगळ्या होत असतानाचा एखादा कागद मिळाला तर तो धड पोर्तुगीज नाही आणि धड स्पॅनिशही नाही. म्हणून तो तिसऱ्याच परक्या भाषेतला आहे, असेही नाही. बर्जेसचे बरेच प्राणी तसे आहेत. वॉलकॉट म्हणाले होते, हे आपल्या ओळखीच्यांपैकीच. पुढची पिढी म्हणाली, मुळीच नाही. आजचे उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे.

'पिकाया'चे उदाहरण तर आपल्या स्वतःच्या घरचे. दोनेक इंचांचा हा पोहणारा जीव वॉलकॉट यांनी १९११ मध्ये कृमी म्हणून नोंदवला. १९७९ मध्ये तो पाठीत आधाराचा दोर असलेल्या, म्हणजे ज्यांत मासे आणि माणसेही येतात त्या घराण्यातला असावा, असे मत मांडले गेले. २०१२ साली ११४ नमुने तपासून त्याचे सविस्तर वर्णन झाले. आणि २०२४ साली केंब्रिजच्या अभ्यासकांनी दाखवले की तोही आपण इतकी वर्षे उलटाच धरला होता. पाठ समजत होतो ते पोट!

म्हणजे बघा, शंभर वर्षांत वाचन चार वेळा बदलले. दगड तेच. मला वॉलकॉटसाहेबांचे मोल इथे दिसते. त्यांचे वर्गीकरण चुकले हे खरे. पण शीर्ष चुकलेले प्रकरण दुरुस्त करता येते. रद्दीत गेलेले येत नाही. ओळख पटते तेवढेच नमुने ठेवावेत आणि बाकीचे दरीत लोटावेत, असे त्यांनी केले नाही. ज्यांचे दोन-चारच नमुने मिळाले तेही त्यांनी घोड्यांवर लादून आणले, वॉशिंग्टनला पोचवले आणि संस्थेच्या खणांत सुरक्षित ठेवले. ज्या व्यापामुळे त्यांना अभ्यास जमला नाही, त्याच व्यापातल्या शिस्तीने हा संग्रह टिकवला. गूल्ड यांनी पहिली बाजू सांगितली. एका कारकुनाने दुसरी सांगितली तर गैर नसावे.

कोणी विचारील, असे जीवाश्म गोव्यात मिळतील का? डिचोली, सांगे भागात ज्या खडकांतून आपण इतकी वर्षे लोहखनिज उपसले ते या प्राण्यांहून कितीतरी जुने, दोनशे कोटी वर्षांपलीकडचे आहेत. ते थर साचले तेव्हा पृथ्वीवर डोळे, पाय असलेला प्राणी जन्मालाच यायचा होता. तेव्हा ती आशा नको.

पण वाचता न येणारे दप्तर आपल्याकडेही आहे. कित्येक घरांच्या माळ्यावर, देवळांच्या पेट्यांत मोडीतले कागद पडून आहेत. घरात कोणाला मोडी येत नाही, वाळवी लागते, जागा अडते. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर जातात. त्यांत कदाचित नुसता भाताचा हिशेब असेल. कदाचित नसेलही. ते वाचणारा माणूस चाळीस वर्षांनी येईल, त्याचे आजोबाही अजून शाळेत असतील. तोवर कागद कोरड्या जागी, कुठून आले याची एक चिठ्ठी लावून ठेवायला काय हरकत आहे?